काहून बसवलं त्याले?

संगणकावरच्या माझ्या फुटबॉल संघाच्या अकरापैकी आठ नावं लिहायला मला वेळ लागत नाही. गोलकीपर ठरलेला असतो, बचावात मधले दोघे सेंटर-बॅक आणि कडेचे दोघे फुल-बॅक ठरलेले असतात, मधल्या फळीत बॉल हिसकावणारा एक आणि तो पुढे वाटणारा एक ठरलेला असतो, आणि जो गोल करतो त्याला बाहेर बसवायची कोणाची हिंमत नसते. रात्र जाते ती उरलेल्या तीन जागांत. त्या जागांवर हक्क सांगणारे सात-आठ जण असतात. प्रत्येकाकडे काही ना काही असतं आणि कोणाकडेच सगळं नसतं. पहिली आठ नावं कोणीही लिहील. मॅनेजर कसा आहे ते शेवटच्या तिघांत दिसतं, आणि त्याहून जास्त, ज्यांना बसवलं त्यांना तो काय सांगतो त्यात दिसतं.

ज्यांनी 'फुटबॉल मॅनेजर' हा संगणकावरचा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या खेळात बॉलला पाय लावायचा नसतो. क्लब हाती घ्यायचा, खेळाडू आणायचे-विकायचे, सराव लावायचा, डावपेच ठरवायचे, सामन्याच्या दिवशी अकरा नावं द्यायची आणि मग रेषेबाहेर उभं राहून जे होईल ते बघायचं. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्रज भावांनी हा खेळ रचला. १९९२ साली तो 'चॅम्पियनशिप मॅनेजर' या नावाने आला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, जुनं नाव तिकडेच राहिलं, आणि २००४ पासून भावांच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हने तोच संसार 'फुटबॉल मॅनेजर' या नव्या पाटीखाली थाटला. माझ्यापर्यंत तो अमरावतीच्या हॉस्टेलात एका पेन ड्राइव्हमधून पोचला. कसा पोचला ते विचारू नये. नंतर नोकरी लागल्यावर एक आवृत्ती रीतसर विकत घेतली, नोकरी सोडून वरुडकडे संत्र्याच्या बागेत परत आलो, आणि अजून तीच आवृत्ती खेळतो. २०२५ ची आवृत्ती कंपनीने रद्द केली तेव्हा जगभरचे लोक हळहळले. मला काही वाटलं नाही. माझा लॅपटॉप इतका जुना आहे की नवीन आवृत्ती त्याला नुसती दाखवली तरी तो गरम होईल.

खेळातल्या प्रत्येक खेळाडूच्या नावामागे आकडे असतात. गोलकीपर सोडला तर छत्तीस गुण, प्रत्येक एक ते वीसमध्ये मोजलेला. पास कसा देतो, हेडर कसा मारतो इथपासून पळतो किती, थकतो कधी, निर्णय कसा घेतो, जिद्द किती इथपर्यंत. हे आकडे आकाशातून पडत नाहीत. देशोदेशी बसलेले कंपनीचे निरीक्षक खरे सामने बघून ते भरतात. त्यांचं काम इतकं दखलपात्र ठरलं की २००८ साली एव्हर्टन क्लबाने खेळाडू हेरण्यासाठी ही माहिती वापरण्याचा करार केला. बागेच्या मचाणावर बसून मी जी यादी चाळतो, तशीच यादी लिव्हरपूल शहरातल्या एका जुन्या क्लबाचे पगारी लोकही चाळत होते, याचा मला उगाचच अभिमान आहे.

आकड्यांवर माझा राग नाही. ज्या मुलखात 'लय भारी खेळते बे तो' एवढंच प्रमाणपत्र चालतं, आणि ते प्रमाणपत्र देणारा बहुतेक वेळा खेळणाऱ्याचा मावसभाऊ असतो, तिथून आलेल्या माणसाला आकडा बघून बरंच वाटतं. पण आकडा सांगतो तो माणसाला काय येतं ते. आज तो ते करील का, हे वेगळं खातं आहे. त्या खात्याचे दोन मोठे आकडे हा खेळ दाखवतच नाही. रोज सारखं खेळण्याचा गुण, आणि मोठ्या सामन्यात टिकण्याचा गुण. ते आत कुठेतरी असतात, हिशोबात धरले जातात, पण पडद्यावर येत नाहीत. प्रशिक्षकाच्या अहवालात एखादं वाक्य येतं, 'याचा खेळ फार खालीवर होतो' अशा अर्थाचं, तेवढ्यावरून ओळखायचं. पासिंग सतरा असलेला माझा एक विंगर होता. चार सामने झोपायचा आणि पाचव्यात एकटा जिंकून द्यायचा. पाचवा सामना कोणता हे आधी कळलं असतं तर मॅनेजरची गरजच काय होती!

आकडे भरणारेही माणसंच. 'चॅम्पियनशिप मॅनेजर'च्या २००१-०२ च्या आवृत्तीत चेर्नो सांबा नावाचा मिलवॉल क्लबाचा पोरगा होता. ज्यांनी ती आवृत्ती खेळली त्यांच्यासाठी तो जगातल्या सर्वोत्तम स्ट्रायकरांपैकी एक झाला. प्रत्यक्षात तो इंग्लंडच्या युवा संघांतून खेळला, पुढे गॅम्बियाकडून खेळला, आणि त्याची कारकीर्द साधीच राहिली. भविष्य भरणाऱ्याने जरा जास्त भरलं होतं. तरी त्याला अकरात घेणाऱ्या लाखो पोरांपैकी कोणालाच फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण त्यांच्या पडद्यावर त्याने गोल केलेच होते.

याहून शहाणी गोष्ट म्हणजे तारे. खेळाडू किती चांगला हे सहायक मॅनेजर ताऱ्यांत सांगतो, आणि ते तारे तुमच्या स्वतःच्या संघाच्या मानाने असतात. खालच्या डिव्हिजनमध्ये ज्याला चार तारे होते, त्यालाच वरच्या डिव्हिजनमध्ये चढल्यावर, दोन-तीन नवे खेळाडू आणल्यावर, अडीच तारे दिसतात. पोरगा तोच, पाय तेच. शेजारी बदललेले असतात.

हे समजायला मला वेळ लागला, पण समजलं तेव्हा शेवटच्या तीन जागांचं गणितच बदललं. अकरावा कोण, हे त्याच्या स्वतःच्या गुणांवर ठरत नाही. बाकीचे दहा ठरवतात. दोन्ही फुल-बॅक वर चढून खेळणारे असतील तर मधल्या फळीत जागा न सोडणारा एक माणूस लागतो, मग तो दिसायला कितीही कंटाळवाणा असो. सेंटर-बॅक संथ असतील तर बचावाची रेषा मागेच ठेवावी लागते, आणि रेषा मागे ठेवली की पुढे असा कोणीतरी लागतो जो लांब बॉलच्या मागे एकटा धावेल. विंगवरून क्रॉस येणार असतील आणि आत उंच माणूसच नसेल तर ते क्रॉस समोरच्या गोलकीपरच्या सरावाला कामी येतात. म्हणून कधीकधी तीन तारेवाला बसतो आणि दोन तारेवाला खेळतो.

माझा पुतण्या बारावीला आहे. त्याला हे पटत नाही. तो म्हणतो, "काका, जे भारी हायेत ते सगळे घेऊन टाक ना. भारी माणूस कुठीबी भारीच रायते." त्याचा पुरावा म्हणजे १९७० चा ब्राझील. पेले, तोस्ताव, रिव्हेलिनो, गेर्सन, जैरझिन्हो, आपापल्या क्लबात सगळे दहा नंबरच्या, म्हणजे पुढे खेळ रचणाऱ्याच्या, कामाचे, आणि सगळे एकाच संघात घेऊन वर्ल्डकप जिंकला. खरं आहे. पण त्यांचा प्रशिक्षक झगालो, त्याने त्यांना दहा नंबरच्या जागेवर एकावर एक रचलं नव्हतं. रिव्हेलिनोला डावीकडे सरकवलं, जैरझिन्होला उजवीकडे, तोस्तावला सगळ्यात पुढे, गेर्सनला मागे. पाच राजे घेतले, पण चौघांना दुसऱ्याच कामाला लावलं. शिवाय ते पाच जण ब्राझीलचे होते. आपल्याकडे तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब आहे, बाळा.

आमच्या गावात निवड कशी व्हायची ते सांगतो, म्हणजे मी या भानगडीत इतका का अडकतो ते कळेल. इकडे फुटबॉल नागपूर-कामठीचा. कामठीत तो पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे, आणि नागपुरात विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या गावठाणात खेळ दोनच, व्हॉलीबॉल आणि कबड्डी. कबड्डीचे सामने वजनगटाचे. ५५ किलोचा गट, ६० किलोचा गट. सामन्याच्या आदल्या रात्री पोट्टे जेवत नाहीत, मे महिन्यात स्वेटर घालून धावतात, आणि काट्यावर चढताना चप्पलच काय, करदोडाही काढून ठेवतात. सात जण मैदानात, बाकीचे बाहेर. आणि ते सात कोण, हे कळायचं जर्सी वाटताना. पिशवीतून एकेक जर्सी निघायची, नाव पुकारलं जायचं, आणि पिशवी रिकामी झाली की ज्याच्या हातात काही नाही त्याने समजून घ्यायचं.

कारण कोणी सांगत नसे. कारणं असायची, नाही असं नाही. जर्सीचे पैसे ज्याने दिले त्याचा भाचा आत. ज्याच्या ट्रॅक्टरवरून टीम जायची तो आत. एक-दोन जण खरंच चढाईत वाघ होते, ते आत. मी उजव्या कोपऱ्यात खेळायचो. पकड बरी होती माझी, उत्तम नव्हती. एका वर्षी मला जर्सी मिळाली नाही. माझं मन वर्षभर जे पोखरत राहिलं ते न खेळणं नव्हतं. मी कशात कमी पडलो हेच मला ठाऊक नव्हतं. वजनात? पकडीत? ट्रॅक्टर नसण्यात? यातलं पहिलं असतं तर मी खाणं कमी केलं असतं, दुसरं असतं तर सराव केला असता, तिसरं असतं तर बाबांना ट्रॅक्टर घ्यायला लावू शकलो नसतो, पण निदान नाद तरी सोडला असता. न सांगितलेल्या कारणाचं माणूस काहीच करू शकत नाही.

आणि 'फुटबॉल मॅनेजर' मला पहिल्यांदा आवडला तो नेमका इथे. तिथे बसवलेला खेळाडू दाराशी येतो.

खरंच येतो. प्रत्येकाशी करार करताना त्याचं संघातलं स्थान काय हे ठरलेलं असतं. हा हुकमी, हा नेहमीचा, हा आलटूनपालटून खेळणारा, हा उद्याचा. ते स्थान म्हणजे शब्द दिलेला असतो. नेहमीचा म्हणून घेतलेला माणूस सलग बसू लागला की एक दिवस निरोप येतो, त्याला बोलायचंय. तुमच्यापुढे काही उत्तरं ठेवलेली असतात. वचन द्या, धीर धरायला सांगा, तुझा खेळ घसरलाय म्हणून सांगा, नाहीतर दुसरा क्लब बघ म्हणा. उत्तर आवडलं तर शांत होतो. नाही आवडलं तर ड्रेसिंग रूममध्ये त्याचे दोस्त असतात, संघातले वडीलधारे असतात, आणि मग तेही निरोप पाठवतात. वचन देऊन मोडलं तर त्याची आठवण सगळ्यांना राहते. पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्याला वचन देता तेव्हा तो आधी पहिल्याच्या तोंडाकडे बघतो. हे शेवटचं खेळात दिसत नाही, माझ्या डोक्यात दिसतं.

सध्या माझ्याकडे जो पेच आहे तो असा. मधल्या फळीत चौतीस वर्षांचा कॅप्टन आहे. क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये होता तेव्हापासूनचा. निर्णयक्षमता सतरा, संघभावना अठरा. वेग होता तेरा, आता आठ. या वयात शरीराचे आकडे दर हंगामाला एकेक पायरी उतरतात, डोक्याचे जागेवर राहतात, काहींचे तर चढतात. त्याच्या जागेला लागून अठरा वर्षांचा पोरगा आहे, आमच्याच युवा संघातून आलेला. तो खराखुरा माणूस नाही, संगणकाने जन्माला घातलेला आहे. जुने खेळाडू निवृत्त होत जातात आणि दर वर्षी अशी नवी पोरं येतात, दहा-पंधरा हंगामांत सगळं जगच त्यांचं होतं. या पोराचा वेग सोळा, दम पंधरा, निर्णयक्षमता नऊ. म्हणजे चुकीच्या जागी सगळ्यांच्या आधी पोचणारा.

कॅप्टनला बसवला तर संघातला सगळ्यात वजनदार माणूस नाराज. पोराला बसवला तर तो वाढत नाही, कारण सरावाने जेवढं येतं त्याहून जास्त सामन्याने येतं, आणि एकोणीस-वीस वयापर्यंत त्याला मैदान मिळालं नाही तर पुढे मिळूनही फार फरक पडत नाही. माझ्या आवृत्तीत सामन्यात तीनच बदली खेळाडू. खऱ्या फुटबॉलमध्ये आता पाच झालेत, प्रीमियर लीगमध्ये २०२२-२३ च्या हंगामापासून. पाच असते तर मी दोघांनाही अर्धाअर्धा सामना वाटून मोकळा झालो असतो. तीन आहेत म्हणून पहिल्या मिनिटाला कोण उभा आहे याला किंमत आहे.

मी काढलेला तोडगा फार हुशारीचा नाही. समोरचा संघ मागे बसून खेळणारा असेल तर कॅप्टन, कारण तिथे धावायला जागाच नसते, पास शोधावा लागतो. समोरचा अंगावर येणारा असेल तर पोरगा. कॅप्टनला मी हे सांगतो. म्हणजे खेळात असं सांगायची सोय नाही, तिथे ठरीव पाच वाक्यं आहेत आणि त्यातलं एकही माझं नाही. मी मनातच सांगतो, आणि मग त्या पाचांपैकी त्याला कमीत कमी लागेल असं वाक्य निवडतो. रात्री अकरा वाजता नसलेल्या माणसाची समजूत काढणाऱ्या नवऱ्याकडे बघून बायको म्हणते, "अहो, मजुरांचे पैसे द्यायचे राह्यले, त्याईची समजूत काढा आधी." तिचं बरोबर असतं.

रात्रीचा विषय निघाला म्हणून. शेतीपंपाची थ्री फेज लाईन आमच्याकडे काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची असली की बागेतल्या खोलीत जाऊन बसावं लागतं, लाईन आली की ठिबकचे वॉल्व्ह फिरवायचे, गेली की वाट बघायची. माझे अर्धेअधिक हंगाम त्या खोलीत झालेत. मोटर चालू असताना सामना लावायचा नाही हा माझा नियम, कारण स्टार्टर पडला तर धावावं लागतं, आणि तेवढ्यात इकडे पेनल्टी जाते.

अशाच एका रात्री बाबा सोबत होते. त्यांना हा खेळ म्हणजे काय हे नीट कधी कळलं नाही, पण पडद्यावरचे टक्के त्यांनी हेरले. प्रत्येक नावापुढे अंगातला दम टक्क्यांत दिसतो. नव्या आवृत्त्यांत टक्के काढून हृदयाचं चिन्ह आणलंय, ते मला आवडत नाही. माझा स्ट्रायकर त्या दिवशी ८१ टक्क्यांवर होता, तीन दिवसांपूर्वीच पूर्ण सामना खेळलेला. मी त्याला पुन्हा घेत होतो. बाबांनी विचारलं, हा कमी आकडा कशाचा. मी म्हटलं, थकलाय.

"मंग काहून घेतं?"

"गोल तोच करते ना बाबा."

बाबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "झाडाले आंबियाबी मागशीन अन् मिरगबी मागशीन, तं झाड दोन वर्स देईन अन् तिसऱ्या वर्सी वाळंन."

संत्र्याचं गणित असं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे तोडायची. पावसाच्या तोंडाशी फुलतो तो मृग बहार, त्याची फळं पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. झाडाला दोन्ही येतात, पण दोन्ही घ्यायचे नसतात. एक धरायचा, दुसरा सोडायचा. धरायचा त्याच्या आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, म्हणजे ते विसावतं आणि मग एकदम फुलतं. मृगाला भाव चांगला असतो, म्हणून मोह होतो. आंबियाची फळं झाडावर असतानाच मृगाची फुलंही ठेवून देणारे लोक आहेत. त्यांच्या बागा ओळखू येतात, शेंडे सुकलेले असतात.

स्ट्रायकरला मी त्या रात्री बसवला. त्याच्या जागी खेळलेल्याने काही केलं नाही, सामना शून्य-शून्य सुटला. बाबा तोवर झोपले होते. पण तेव्हापासून मी हंगामाची यादी बघताना आधी ठरवतो की कोणत्या सामन्यांना कोणाला सोडायचं. कप की लीग. दोन्हीच्या मागे लागणारे क्लब मोठे असतात, त्यांच्याकडे पंचवीस जण सारख्याच ताकदीचे असतात. आपल्याकडे चौदा. त्यातही दोघांचे गुडघे.

न बदलण्याचंही एक शास्त्र आहे, हे मान्य करायला पाहिजे. क्लॉडियो रानिएरी चेल्सी क्लबाचे मॅनेजर असताना इतके बदल करायचे की इंग्लिश वर्तमानपत्रांनी त्यांना 'टिंकरमन' नाव ठेवलं, म्हणजे सदा खुटखुट करणारा. तोच माणूस २०१५-१६ मध्ये लेस्टरला आला आणि जवळजवळ तीच अकरा नावं आठवड्यामागून आठवडे देत राहिला. श्माइकेल, सिम्पसन, मॉर्गन, हूथ, फुक्स, माहरेझ, ड्रिंकवॉटर, कान्टे, ऑलब्राइटन, ओकाझाकी, वार्डी. ज्या संघावर सुरुवातीला एकास पाच हजारांचा भाव होता तो लीग जिंकला. पण त्या हंगामात लेस्टरला युरोपातले सामने नव्हते आणि देशातल्या दोन्ही कपांमधून ते लवकर बाहेर पडले होते. त्यांनी एकच बहार धरला होता, मुद्दाम असो की नाइलाजाने.

शेवटच्या जागेची सगळ्यात कठोर गोष्ट मात्र १९६६ ची. इंग्लंडचा जिमी ग्रीव्ह्ज हा त्या काळचा सगळ्यात धारदार गोल करणारा. वर्ल्डकपमध्ये फ्रान्सविरुद्ध त्याच्या पायाला जखम झाली, टाके पडले, आणि त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. फायनलपर्यंत ग्रीव्ह्ज बरा झाला होता. मॅनेजर आल्फ रॅम्सींनी हर्स्टलाच ठेवलं. तेव्हा वर्ल्डकपमध्ये बदली खेळाडू नव्हतेच, ती सोय १९७० पासून आली. म्हणजे बसला तो बसलाच, शेवटच्या दहा मिनिटांचीही आशा नाही. हर्स्टने पश्चिम जर्मनीविरुद्ध तीन गोल केले, इंग्लंड ४-२ ने जिंकलं, आणि निवडीवर वाद घालायला कोणी उरलं नाही. पदकंही तेव्हा मैदानात उतरलेल्या अकरांनाच दिली गेली. ग्रीव्ह्जला त्याचं पदक २००९ मध्ये मिळालं. मला नेहमी वाटतं, हर्स्टने एकही गोल केला नसता तरी ती निवड बरोबरच असती का? माझं उत्तर हो असं आहे. त्या सकाळी जेवढं माहीत होतं, तेवढ्यावर ती निवड होती. संघ जुळला होता, जुळलेल्याला हात लावला नाही. निकालाने निवड बरोबर ठरवायची असेल तर जर्सीचे पैसे देणाऱ्याचा भाचाही कधीकधी बरोबर ठरतो.

आणि आपल्याकडची गोष्ट, १९६२ ची. जकार्ताचे आशियाई खेळ. भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. जर्नैल सिंग हा त्यांचा सेंटर-बॅक, संघाचा खांब. स्पर्धेत त्याच्या डोक्याला मार लागला, टाके घालावे लागले. हेडर घेणं ज्याचं मुख्य काम त्याचं डोकंच फुटलेलं. कोणीही त्याला बसवला असता. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर-फॉरवर्ड म्हणून पुढे उभा केला. सेमीफायनलला त्याने गोल केला. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध पुन्हा केला. त्याच्या आधीचा गोल पी. के. बॅनर्जींचा, आणि भारत २-१ ने सुवर्णपदक जिंकला. माझ्या खेळात बचावपटूला स्ट्रायकरच्या जागी ओढून नेला की त्या जागेचा ठिपका लाल होतो, सहायक मॅनेजर लगेच इशारा देतो. रहीमसाहेबांना असा सहायक नव्हता हे देशाचं नशीब. पण जर्नैल तरुणपणी पुढे खेळलेला होता, हे त्यांना माहीत होतं. तो जुगार नव्हता. त्यांच्याजवळ कारण होतं. फुप्फुसाच्या कर्करोगाने ते पुढच्याच वर्षी गेले. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला परत मिळालेलं नाही.

सहायक मॅनेजरवरून आठवलं. खेळात एक बटन आहे, दाबलं की तोच अकरा नावं भरून देतो. पुतण्या ते दाबतो. दोन मिनिटांत सामना सुरू, एका सुट्टीत तीन हंगाम. मला ते बटन म्हणजे लबाडी वाटते, पण तो जिंकतो माझ्यापेक्षा जास्त, त्यामुळे बोलता येत नाही. मात्र त्याच्या संघात कोणी रुसला की त्याला काही सुचत नाही. त्याने कोणाला का बसवलं हे त्यालाच माहीत नसतं. मग तो त्या खेळाडूला विकून टाकतो.

यंदा गावच्या ६० किलोच्या टीमचं त्याला कॅप्टन केलं. तिथे बटन नाही. चढाई करणारे चार, चौघेही बरे, आणि डावा कोपरा रिकामा. चौथा चढाईवाला म्हणजे याचा शाळेपासूनचा दोस्त. दोन दिवस पोरगा माझ्या मागे फिरत होता, काका तुम्ही सांगा त्याले. मी म्हटलं, तुझी टीम आहे, तूच सांग, आणि जर्सी यायच्या आधी सांग. तो गेला. पारावर दोघांचं बोलणं झालं ते मला दुकानातून ऐकू येत होतं, कारण आमच्याकडे कोणी हळू बोलत नाही.

"काहून बसवलं मले? मी त्याच्याहून कमी हावो काय?"

"कमी नाई बे. चढाईले चौघं झाले. कोपऱ्यात कोणीच नाई."

"मंग आधी काहून नाई सांगतलं? मी रायतो कोपऱ्यात उभा."

आता तो रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानात डाव्या कोपऱ्यात उभा असतो. मी उजव्या कोपऱ्याचा माणूस, म्हणून मला शिकवायला बोलावतात. पाय पकडायच्या ऐवजी तो अजून चढाईवाल्याच्या कमरेलाच हात घालतो आणि फरपटत रेषेपर्यंत जातो. सामने पंधरा दिवसांवर आलेत आणि त्याचं वजन दीड किलो जास्त आहे.